व्हिडिओचा आवाज बंद करून बघा

एका आईचं पत्र आलं आहे. नाव-गाव देत नाही. मजकूर थोडक्यात असा:

मुलगा अकरा वर्षांचा. जिनिव्हाजवळ जमिनीखाली असलेलं, सूक्ष्म कण एकमेकांवर आदळवणारं ते प्रचंड यंत्र, लार्ज हेड्रॉन कोलायडर, आता बंद ठेवून ‘दहापट ताकदवान’ करणार आहेत आणि २०३० मध्ये ते पुन्हा सुरू झालं की त्यातून कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळली जाईल, असा एक व्हिडिओ त्याने पाहिला. तेव्हापासून तो एकटा झोपत नाही. ‘२०३० साली मी किती वर्षांचा असेन?’ असं सारखं विचारतो. वडील इंजिनिअर, विज्ञानाचे भक्त. ते त्याला भित्रा म्हणतात, जेवताना सगळ्यांसमोर ‘काय रे, ब्लॅक होल!’ अशी हाक मारतात. व्हिडिओत त्या संस्थेच्या आवारातली नटराजाची मूर्ती दिसते. ती पाहून आजी म्हणाल्या, ‘संहाराचा देव तिथे उगीच नाही उभा केलेला.’ आईंना हे यंत्र पहिल्यांदा सुरू झालं तेव्हाचा, स्वतःचा सप्टेंबर २००८ आठवतो. त्या बारावीत होत्या, टीव्हीवर जगबुडीची उलटी गणती चालली होती आणि त्या रात्री त्या आईला बिलगून झोपल्या. त्या विचारतात: ‘तेव्हा काही झालं नाही, म्हणून आताही होणार नाही, असं सांगू का? पण हे मलाच पटत नाही. शास्त्रज्ञ धोका शून्य आहे असं छातीठोकपणे का सांगत नाहीत? की घरात हा विषयच बंद करून टाकू?’

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. विषय बंद करू नका. घरात बंद केलेला विषय मुलं पांघरुणात मोबाइलवर उघडतात, आणि तिथे उत्तरं द्यायला कोण बसलेलं असतं ते आता तुम्हाला कळलंच आहे.

‘तेव्हा काही झालं नाही, म्हणून आताही नाही’ हे तुम्हाला पटत नाही, याचा मला आनंद झाला. तो युक्तिवाद लंगडाच आहे. रस्ता न बघता ओलांडणारा माणूसही रोज संध्याकाळी घरी पोचल्यावर हेच म्हणतो. मुलाला ते ऐकवू नका. या वयाची मुलं असली फट बरोबर हेरतात.

तुमच्या पत्रात ‘भित्रा’ हा शब्द तीनदा आला आहे. दोनदा यजमानांच्या तोंडी, एकदा तुमच्या. त्याचा प्रश्न जरा नीट मांडून बघा: जी गोष्ट आजवर कुणी केली नाही, ती पहिल्यांदा करताना भलतंच काही होणार नाही कशावरून? यात भित्रेपणा कुठे आला? हाच प्रश्न भौतिकशास्त्रज्ञांनी स्वतःला विचारला आहे, तोही लेखी. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत जड अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळवणारं यंत्र सुरू व्हायचं होतं, तेव्हा याच शंकेपायी चार भौतिकशास्त्रज्ञांची समिती नेमली गेली. त्या चौघांतले एक, फ्रँक विल्चेक, यांना पुढे २००४ मध्ये नोबेल मिळालं. तुमच्या व्हिडिओतलं यंत्र चालवणाऱ्या जिनिव्हाच्या सर्न या संस्थेनेही २००३ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये सुरक्षिततेवर असेच अहवाल काढले. मुलाला हसायचं तर या सगळ्यांनाही हसावं लागेल, एवढं यजमानांना माझ्या वतीने सांगा.

दुसरं म्हणजे, घरात एक विज्ञानाचा भक्त आहे आणि एक घाबरलेला, अशी तुमची मांडणी दिसते. मला तसं वाटत नाही. दोघांनीही एकाच पोत्यातलं धान्य घेतलं आहे. हे मी अनुभवाने सांगते, आणि त्या अनुभवात चूक माझी आहे.

मी तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते. १० सप्टेंबर २००८ चा आदला आठवडा मी नुसती हवेत होते. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘महास्फोट आता प्रयोगशाळेत!’ खाली सत्तावीस किलोमीटरचं वर्तुळ, त्यात ‘देवकण’. बुधवारी वर्ग अर्धा रिकामा होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, ‘मॅडम, महास्फोट झाला तर आपण कुठे जायचं?’ वर्ग हसला. मीही हसले. तिने माझाच शब्द शब्दशः घेतला होता, हे घरी जाऊन स्वयंपाकाला लागल्यावर लक्षात आलं. महास्फोट घडवणार असं मीच चार दिवस सांगत होते ना? प्रत्यक्षात तिथे महास्फोट वगैरे घडवत नाहीत. विश्व अगदी बाल्यावस्थेत असताना कणांपाशी जेवढी ऊर्जा होती, तेवढी ऊर्जा दोन-चार कणांना, अणूच्या गाभ्याएवढ्या जागेत, क्षणभर देतात. पण असं फळ्यावर लिहिलं तर कोण बघणार? हिग्ज कणाला दिलेलं ‘देवकण’ हे नावही तसलंच. ते एका पुस्तकाच्या शीर्षकातून आलं आणि वर्तमानपत्रांनी उचललं. ज्यांच्या नावाने तो कण ओळखला जातो त्या पीटर हिग्ज यांना ते आवडत नसे. लोकांचे डोळे दिपवायला आम्ही जे शब्द वापरले, तेच उलटे फिरून भीती होऊन आले. यजमानांना ज्या वाक्याने रोमांच उभे राहतात, त्याच वाक्याने मुलाची झोप उडते.

आता त्या दिवसाची गंमत ऐका. १० सप्टेंबरला तिथे एकही टक्कर झाली नाही. व्हायचीच नव्हती. प्रोटॉनचा झोत एका वेळी एकाच दिशेने फिरवून पाहिला, एवढंच. आपल्याकडे दुपारचे दोन वाजत आले होते तेव्हा पहिला झोत पूर्ण वर्तुळ फिरून आला, आणि नियंत्रण कक्षातल्या लोकांनी पडद्यावरचे दोन ठिपके बघून टाळ्या वाजवल्या. टक्कर ज्या दिवशी नाही त्या दिवसाची उलटी गणती वाहिन्यांनी लावली होती. पहिल्या टकरी झाल्या २३ नोव्हेंबर २००९ ला. त्या दिवशी कुणी जगबुडीची घड्याळं लावल्याचं मला तरी आठवत नाही.

मधल्या काळात खरा अपघात मात्र झाला. मुलाला हा जरूर सांगा, लपवू नका. सुरुवातीनंतर नऊच दिवसांनी, १९ सप्टेंबरला, दोन चुंबकांमधला एक विजेचा जोड कच्चा निघाला. ठिणगी पडली, चुंबकांना गार ठेवणारा सुमारे सहा टन हेलियम बाहेर पडला, पस्तीस-पस्तीस टनांची धुडं जागची हलली. बोगद्यात कुणी नव्हतं, इजा कुणाला झाली नाही, पण यंत्र चौदा महिने बंद राहिलं. मोठ्या यंत्रांचे खरे धोके हे असे असतात: कच्चा जोड, वायूची गळती, वीज, आणि झोत फिरत असताना किरणोत्सार. यंत्र चालू असताना बोगद्यात माणसाला जाऊ देत नाहीत ते याचसाठी. पूर्ण भरलेल्या एका झोतात ताशी दीडशे किलोमीटरने धावणाऱ्या चारशे टनी आगगाडीइतकी ऊर्जा असते. तो भरकटला तर यंत्राला भोक पाडेल, म्हणून त्याला विझवायला ग्रॅफाइटचा लांबलचक ठोकळा वेगळा ठेवलेला आहे.

पण कृष्णविवराची शंका अख्ख्या झोताबद्दल नाही, एका टकरीबद्दल आहे. आणि एका टकरीतली ऊर्जा किती? दहा-बारा डास उडताना त्यांच्यात मिळून असते तेवढी. टाळी वाजवली तर तिच्यात याच्या कितीतरी हजारपट ऊर्जा असते. फरक एवढाच की इथे ती कल्पनेपलीकडे लहान जागेत कोंबलेली आहे. म्हणून शंका रास्त ठरते, आणि म्हणूनच तिचं उत्तर आकाशात शोधावं लागतं.

अवकाशातून पृथ्वीवर सतत कण आदळत असतात. त्यांना वैश्विक किरण म्हणतात. त्यातले काही सर्नच्या कणांना लाजवतील इतके जोरदार असतात. १५ ऑक्टोबर १९९१ ला अमेरिकेतल्या युटा राज्यावर नोंदला गेलेला एक कण तर ताशी नव्वद किलोमीटरने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूइतकी ऊर्जा घेऊन आला होता. एका कणात! हवेतल्या स्थिर कणावर आदळताना ती सगळी ऊर्जा कामी येत नाही, पण तो हिशेब वजा करूनही ती टक्कर सर्नमधल्या टकरीच्या साधारण पन्नासपट भरते. असे कण विरळा, हे खरं. पण पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षं आहे. सर्नमध्ये जे काही होतं ते निसर्गाने पृथ्वीवरच निदान लाखभर वेळा करून झालं आहे. चंद्रावर तर हवेचं पांघरूणही नाही, कण थेट मातीवर आदळतात. चंद्र जागेवर आहे, हे मुलाला खिडकीतून दाखवता येईल.

तुमचा मुलगा जर मला वाटतो तसा असेल, तर इथे तो एक पेच टाकेल. टाकला नाही तर तुम्हीच टाका. वैश्विक किरणांच्या टकरीतून काही तयार झालं तर ते प्रचंड वेगाने पृथ्वीच्या आरपार निघून जाईल. सर्नमध्ये समोरासमोर टक्कर होते, तिथलं काही इथेच रेंगाळलं तर? ही शंका तज्ज्ञांनीही घेतली होती, आणि तिचं उत्तर आकाशातल्या फार दाट ताऱ्यांनी दिलं. न्यूट्रॉन तारे आणि श्वेत बटू इतके घट्ट असतात की वेगाने आलेली असली वस्तूही त्यांच्यात अडकून पडेल. वैश्विक किरण त्यांच्यावरही अब्जावधी वर्षं आदळताहेत. ते तारे आजही दिसतात. कुणी गिळलेले नाहीत.

(नेहमीच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमांनी बघितलं तर एवढ्या ऊर्जेत कृष्णविवर होतच नाही. काही सिद्धांतांत लांबी-रुंदी-उंचीपलीकडच्या जादा मिती मानल्या आहेत, त्या खऱ्या निघाल्या तरच शक्यता. आणि तसं झालं तरी ते जन्मताच विरून जाईल असं गणित सांगतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी असली कृष्णविवरं मुद्दाम शोधून पाहिली. एकही मिळालं नाही. मी मात्र मुलाला हे शेवटी सांगेन. सिद्धांतावर विश्वास ठेव म्हणण्यापेक्षा चंद्र दाखवणं बरं.)

मग शास्त्रज्ञ ‘शून्य’ का म्हणत नाहीत? खरं तर अहवालात त्यांनी आडपडदा ठेवलेला नाही. या टकरींपासून धोका आहे असं मानायला काहीही आधार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. घोटाळा होतो मुलाखतीत. पत्रकार विचारतो, ‘शंभर टक्के खात्री देता?’ ज्याचा अख्खा जन्म मोजमापातली चूक किती हे मोजण्यात गेला, तो माणूस अडखळतो. त्याच्या धंद्यात पूर्ण शून्य हा आकडा मोजून मिळत नाही, ‘अमुकपेक्षा कमी’ असाच मिळतो. तो म्हणतो, ‘शक्यता नगण्य आहे.’ ऐकणाऱ्याला ‘शक्यता आहे’ एवढंच ऐकू येतं. व्हिडिओ करणारे नेमका तेवढाच तुकडा कापून घेतात.

आणखी एक शंका तुम्ही लिहिलेली नाही, पण मला अशा पत्रांतून नेहमी दिसते: ज्यांचं यंत्र, त्यांनीच ते सुरक्षित ठरवायचं? रास्त आहे. २००८ चा अहवाल लिहिणारे पाचही जण भौतिकशास्त्रज्ञच होते. काही लोक त्या वर्षी कोर्टातही गेले, हवाईमध्ये आणि युरोपातही, आणि दोन्हीकडे त्यांच्या हाती काही लागलं नाही. मला स्वतःला कोर्टाच्या निकालापेक्षा एक गोष्ट जास्त समाधान देते. वैश्विक किरण सर्नच्या पगारावर नाहीत.

‘दहापट ताकदवान’चं काय? ती अर्धवट बातमी आहे. वेळापत्रकाप्रमाणे २०२६ च्या मध्यापासून यंत्र काही वर्षं बंद ठेवून सुधारायचं आणि २०३० च्या सुमारास पुन्हा चालू करायचं आहे. पण दहापट वाढायची आहे ती एकूण मिळणाऱ्या टकरींची संख्या, एकेका टकरीचा जोर नव्हे. तो जवळपास आहे तेवढाच राहील. नाणं जास्त वेळा उडवलं म्हणून नाणं जड होत नाही, असं त्याला सांगून बघा.

आता घरातल्या कामाला लागू. आधी तो व्हिडिओ त्याच्याबरोबर बघा, आवाज बंद करून. मी असाच एक व्हिडिओ माझ्या नातवाबरोबर पाहिला होता. आवाज असताना ढोल, घोगरा आवाज, अंगावर काटा. आवाज बंद केल्यावर उरलं काय? लांबच लांब निळं नळकांडं, आणि हेल्मेट घातलेला एक माणूस सायकलवरून त्याच्या कडेने चाललेला. नातू म्हणाला, ‘आजी, याच्या सायकलला घंटी आहे का?’ मग भीती जरा सैल पडली. दुसऱ्या वेळी बघताना प्रत्येक वाक्याला ‘हे कोण म्हणतंय?’ असं विचारायला लावा. तिसऱ्यांदा बघायची वेळ बहुधा येत नाही.

त्याला त्या यंत्राच्या फजित्याही सांगा. २००९ मध्ये पक्ष्याने टाकलेला असावा असा पावाचा तुकडा जमिनीवरच्या विजेच्या उपकरणात सापडला आणि शीतकरण बिघडलं. २०१६ मध्ये मुंगसासारखा दिसणारा एक प्राणी ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरला आणि सगळं ठप्प. बिचारा प्राणी त्यात गेला. पृथ्वी गिळायला निघालेला राक्षस असा पावाच्या तुकड्याने अडत नाही.

नटराजाचं काम आजींना द्या. ती मूर्ती भारत सरकारने भेट दिलेली आहे, १८ जून २००४ पासून तिथे आहे, उंची दोन मीटर. २०१६ मध्ये काही जणांनी रात्री तिच्यासमोर काळे झगे घालून नरबळीचं नाटक केलं आणि त्याचं चित्रण पसरलं. ते बनावट असल्याचं सांगून सर्नने चौकशी केली. तुमच्या व्हिडिओत झगेवाली माणसं असतील तर ती हीच. पण आजींना हे सगळं सांगण्याआधी विचारा, नटराजाच्या चार हातांत काय काय असतं? एका हातात डमरू, तो सृष्टीचा. एकात अग्नी, तो संहाराचा. आणि पुढचा उजवा हात? तो अभयमुद्रेत असतो. नातवाला हे आजींनीच दाखवलेलं चांगलं. त्यांच्याही मनातली अढी त्याने जरा सुटेल. हवं तर हेही सांगा की त्या बोगद्यातले अवजड चुंबक ज्यांवर टेकले आहेत ते हजारो जॅक भारतातून गेले आहेत, आणि २०१७ पासून भारत त्या संस्थेचा सहयोगी सदस्य आहे.

यजमानांशी एकांतात बोला, मुलासमोर नको. ‘ब्लॅक होल’ ही हाक आजपासून बंद. हे मी जरा कडक लिहिते आहे, त्याला कारण आहे. २००८ मध्ये वाहिन्यांवरच्या याच बातम्यांना घाबरून आपल्या देशात एका शाळकरी मुलीने जीव दिल्याची बातमी आली होती. मोठ्यांना जे विनोदी वाटतं ते मुलांच्या मनात कुठवर जातं याचा पत्ता लागत नाही. चेष्टेमुळे भीती जात नाही, ती सांगायची बंद होते. यजमानांना सर्नचं इतकं कौतुक आहे ना, मग वैश्विक किरणांचा वरचा हिशेब त्यांनी मुलाबरोबर कागदावर करावा. एका बैठकीत होतो.

झोपेचं मात्र वेगळं बघा. काही दिवस त्याच्या खोलीत झोपायला हरकत नाही, दिवा चालू ठेवायलाही नाही. झोपण्याआधी तासभर मोबाइल नको. हे सगळं करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, जेवण तुटलं, शाळा नको म्हणू लागला, पोट सारखं दुखू लागलं, किंवा जगून काय उपयोग अशा अर्थाचं काही बोलला, तर वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञ किंवा मुलांचे समुपदेशक गाठा; सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. कधी कधी भीती कृष्णविवराचं नाव घेऊन येते आणि तिचं मूळ शाळेत किंवा घरात दुसरीकडेच असतं.

त्याने उद्या सर्नचा चाहता व्हावं अशी अपेक्षा ठेवू नका. शंका घ्यायची सवय राहिली तर उत्तमच, फक्त ती योग्य जागी लागावी. तिथेच आता एक्क्याण्णव किलोमीटरच्या नव्या वर्तुळाचा प्रस्ताव आहे. त्याचा अवाढव्य खर्च, वीज, खोदून निघणारी माती, वरच्या गावांतली जमीन, यावर तिकडे खरा वाद चालू आहे, आणि त्यात आक्षेप घेणारे वेडे नाहीत. मलाही त्या खर्चाबद्दल अजून नीट ठरवता आलेलं नाही.

एक छोटी गोष्ट आज रात्रीच करता येईल. त्याला तळहात पुढे करायला सांगा. वैश्विक किरण वर हवेत आदळून जे म्युऑन नावाचे कण तयार होतात, त्यातला एखाद-दुसरा दर सेकंदाला त्या तळहातातून आरपार जातो आहे. आत्ताही. तो जन्मला तेव्हापासून. हाताला काही कळत नाही. मनात मोजत बसला तर झोपही लागेल कदाचित.

आणि तो सारखं विचारतो, ‘२०३० साली मी किती वर्षांचा असेन?’ त्याला तुम्ही काय उत्तर दिलंत ते पत्रात कुठे नाही. बहुधा ‘असं बोलू नये’ म्हणालात. आकडा सांगून टाका. पंधरा. दहावीच्या आसपास, तुमच्या खांद्याच्या वर गेलेला, आणि तुम्ही खोलीत आलेलं त्याला चालणार नाही.